रविवारी भरलेल्या टाक्या

लोक मला संशयी म्हणतात. म्हणू देत. चाळीस वर्षं मी माणसं समुद्रात उतरवतोय आणि उतरवलेला प्रत्येक जण वर आणलाय, तो काही देवावर हवाला ठेवून नाही. दोर दोनदा ओढून बघतो, माणसं तीनदा मोजतो, आणि माझी स्वतःची हवेची टाकी दर गुरुवारी स्वतः भरून कुलपात ठेवतो. बायको अँथुला म्हणते, "हंबी, तू चर्चमध्ये मेणबत्ती लावतोस आणि ती विझली तर नाही ना, हे बघायला परत आत जातोस." जातो. मग?

आमचं पोट झेनोबियावर चालतं. पहिल्याच सफरीत बुडालेलं हे भलंमोठं जहाज, पोटात शंभरावर मालट्रक घेऊन, लार्नाकाच्या किनाऱ्यापासून बोटीने दहा-बारा मिनिटांवर डाव्या कुशीवर निजलंय. ते बघायला जगभरातून माणसं येतात. मी बोट चालवतो, माझी मुलगी स्केवी त्यांना खाली घेऊन जाते. आणि दोन वर्षांपासून आमच्याकडे ताहसीन होता. टाक्या भरायचा, त्यांत हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची देखभाल करायचा, गर्दी असली की पाण्यातही उतरायचा.

ताहसीन पलीकडचा, तुर्क. रोज सकाळी चौकीवर कागद दाखवून इकडे यायचा, संध्याकाळी परत जायचा. त्याच्या आजीचं माहेर आमच्याच लार्नाकातलं, त्यामुळे आमची बोली तो असली गावठी बोलायचा की डोळे मिटले तर माझा आतेभाऊ बोलतोय असं वाटावं. मी डोळे उघडेच ठेवले. चौऱ्याहत्तर साली आमच्या बेटाची दोन शकलं झाली, तिकडे तुर्क, इकडे आम्ही ग्रीक, मधे काटेरी तारा, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आमचं घर, संत्र्याची बाग, आईचं शिवणयंत्र, सगळं तारांच्या पलीकडे राहिलं. त्यात ताहसीनचा काय दोष? तो तेव्हा जन्मलाही नव्हता. मला कळत होतं, पण वळत नव्हतं.

इस्टर झाला आणि स्केवीने जेवता जेवता बॉम्ब टाकला. "बाबा, मी आणि ताहसीन लग्न करणार आहोत. या रविवारपासून तो आपल्याकडे जेवायला येईल."

"कोणाला विचारून?"

"एकमेकांना विचारून," ती म्हणाली आणि वाढून घेतलं. एकुलती एक मुलगी, बत्तीस वर्षांची, माझ्याच वळणाची. तिच्याशी भांडून कोण जिंकलंय? मला एकच भीती होती. ही पोर त्याच्यामागून तारांपलीकडे जाईल आणि जे जे तिकडे गेलं तसंच तिचंही होईल. परत मिळणार नाही.

रविवारी ताहसीन आला. येताना आजीने केलेला लिंबाचा मुरंबा घेऊन आला. आमच्याकडे रविवारी फुकू पेटते, म्हणजे कोळशाची लांबलचक शेगडी, आणि तिच्यावर हातभर सळ्यांना लावलेलं डुकराचं मांस दोन तास फिरत राहतं. अँथुलाने त्याच्यासाठी वेगळी कोंबडी लावली होती. पण हा पठ्ठ्या आमच्याच सळीवर तुटून पडला. मला लगेच वाटलं, जो स्वतःच्या धर्माचा नाही तो आमचा काय होणार! आणि त्याने ते खाल्लं नसतं, तर मी म्हणालो असतो की आमच्या ताटाला नाकं मुरडतो. संशयाला औषध नाही, हे मी आज सांगतोय. तेव्हा मला ती हुशारी वाटत होती.

फुकू आमच्या पुढच्या अंगणात असायची. समोर गल्ली, गल्लीपलीकडे कॉफीचं दुकान, आणि दुकानाच्या दारात खुर्ची टाकून यांगो. यांगोने स्केवीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं, त्यामुळे आम्ही एकमेकांचे कुंबारो. त्या नात्यात भावासारखा हक्क असतो आणि यांगो तो पुरेपूर वसूल करतो. तो तिथूनच ओरडला, "कुंबारे! पाहुणा कुठला रे? नाक ओळखीचं वाटत नाही!" सगळी खुर्च्यांची रांग हसली. ताहसीनही हसला, त्याने हात हलवला. माझी कानशिलं मात्र तापली.

पुढच्या रविवारी मी फुकू मागच्या अंगणात नेली. "तिकडे लिंबाची सावली आहे," मी म्हणालो. अँथुलाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मिठाचं भांडं घेऊन मागे आली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, एक पोलिश बाई जहाजावरून वर आली ती डोकं धरूनच. बोटीच्या कडेला ओणवी होऊन भडाभडा ओकली. मी म्हटलं, रात्रीची दारू असेल. त्यापुढच्या सोमवारी दोघांची डोकी दुखायला लागली. तिसऱ्या सोमवारी एक शाळामास्तर शिडी चढताना असा लटपटला की मी दंडाला धरून वर खेचला. मंगळवार ते शनिवार कोणाला काही नाही. सोमवारीच का? माझ्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी आम्ही बोट काढत नाही. शनिवारी रिकाम्या झालेल्या टाक्या रविवारी भरतो. आणि दुपारी दोननंतर सगळी गल्ली झोपते, यंत्राचा खडखडाट कोणी सहन करत नाही, म्हणून बारा ते दोन हीच वेळ. आम्ही जेवत असायचो तेव्हा कोण मधेमधे उठून मागच्या खोलीत जायचं? कोण हात पुसत म्हणायचं, "तुम्ही बसा काका, मी बघतो"? ताहसीन. मग मी काय समजायचं?

मी पाळत सुरू केली. टाक्यांच्या बुडाला खडूने खुणा केल्या. खुणा जशाच्या तशा राहिल्या. एका सोमवारी पहाटे एकेक टाकी उघडून हवा नाकाशी धरली. वास नाही, चव नाही, काही नाही. म्हणजे हा फार हुशार आहे, मी मनाशी म्हटलं. यांगोला सांगितलं तर तो मिशीतल्या मिशीत म्हणाला, "पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच्या चुलतभावाचं दुकान असेल बघ. तुझं गिऱ्हाईक पळवायचंय त्याला. आधी गिऱ्हाईक, मग मुलगी." यांगोच्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे. तरी ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

मग मी ते केलं जे कधी करू नये. ताहसीन पाण्यात असताना त्याची पिशवी उघडली. त्यात एक छोटी वही सापडली. तुर्कीत लिहिलेली, मला शब्द कळेना. पण आकडे सगळ्यांचे सारखेच असतात. सोमवारच्या तारखा. प्रत्येक तारखेखाली टाक्यांचे क्रमांक. आणि पुढे नावं: पोलिश बाईचं, त्या दोघांचं, शाळामास्तरचं. ज्यांना ज्यांना त्रास झाला त्या सगळ्यांची यादी!

तो बोटीवर चढला, अजून अंगातून पाणी गळत होतं, आणि मी वही त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"तुम्ही माझी पिशवी उघडलीत?"

"हे काय आहे, ते बोल!"

"काका, मी हिशोब लावतोय," तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. "सोमवारच्याच टाक्या बिघडतायत. फक्त रविवारी भरलेल्या. मी स्केवीला सांगणारच होतो. आपण हवा तपासून घेऊ या, निकोसियाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवू. आणि यंत्राची नळी बाहेर कुठून हवा ओढते ते एकदा बघू या."

"नळी मी बसवलीय! वीस वर्षं झाली. नळीला नावं ठेवू नकोस. टाक्या तू भरतोस."

"हो, मीच भरतो. म्हणून तर मला झोप येत नाही."

"मग तुझ्या घरी जाऊन झोप," मी म्हणालो. "उद्यापासून येऊ नकोस. आणि माझ्या मुलीच्या आसपास दिसलास तर याद राख."

स्केवी शिडीवर होती. तिने सगळं ऐकलं. ताहसीनने टॉवेलने तोंड पुसलं आणि बंदर येईपर्यंत पाठ करून बसला. वही माझ्याच खिशात राहिली.

त्या आठवड्यात स्केवी माझ्याशी कामापुरतं बोलली. किती माणसं, किती टाक्या, किती वाजता. शनिवारी म्हणाली, "घेतलेली बुकिंगं जूनअखेरपर्यंत आहेत. ती संपवीन. मग मी जाते."

"कुठे?"

"त्याच्याकडे. तुम्हाला भीती होती ना मी जाईन म्हणून? आता जाणारच."

मी म्हटलं ठीक आहे. एक सोमवार जाऊ दे. ताहसीनशिवायचा एक सोमवार, सगळी माणसं धडधाकट वर आलेली, आणि मग तिच्या डोळ्यांवरची पट्टी आपोआप सुटेल. त्या रविवारी मी यंत्राची गाळणी नवी घातली. खोलीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. बारा ते दोन, वारा पार पडलेला, एकेक टाकी माझ्या हाताने भरली. मधेमधे बाहेर येऊन सळ्या फिरवत होतो. फुकू मागेच ठेवली होती. पुढे नेऊन काय दाखवायचं कॉफीवाल्यांना? मुलगी बापाबरोबर जेवायला बसत नाही, हे? अँथुला आणि मी दोघंच जेवलो. ती म्हणाली, "मांस चांगलं झालंय." एवढंच बोललो आम्ही.

सोमवारी डेन्मार्कचे दोन भाऊ आले, दणकट, हसरे. ताहसीन नसल्यामुळे माणूस कमी पडत होता, म्हणून बोट यांगोकडे दिली आणि मी माझी गुरुवारची टाकी पाठीला लावून शेवटी उतरलो. पुढे स्केवी, मधे दोघे भाऊ, मागे मी. समुद्र तेलासारखा संथ होता. दोराला धरून खाली जाता जाता निळ्यातून झेनोबियाची कूस वर यायला लागली. कितीदा बघितलंय, तरी त्या क्षणी ऊर भरून येतोच. सतरा मीटरवर जहाजाच्या कडेला हात टेकला. हेकरू मासे नेहमीच्या जागी, खिडक्यांच्या रांगा आभाळाकडे तोंड केलेल्या. मी मनात म्हटलं, बघ पोरी, आज काही होत नाही.

पाचच मिनिटांत धाकट्या भावाने डोक्याला हात लावून खूण केली. दुखतंय. मग थोरल्यानेही. स्केवीने त्यांना दोराकडे वळवायला हवं होतं. हा तिचा रोजचा धडा आहे, झोपेतसुद्धा चुकणार नाही. पण ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली आणि मग तोंड फिरवून खाली निघाली, जहाजातून निसटलेले ट्रक वाळूत पडलेत तिकडे. मी दोघांना दोराशी नेलं, वर जायची खूण केली. ते निघाले हे बघितलं आणि तिच्यामागे सुटलो.

चाळीस मीटरवर ती एका ट्रकच्या चाकाशी बसली होती, बसची वाट बघत असल्यासारखी. मी समोर जाऊन अंगठा आणि बोट जुळवून विचारलं: ठीक आहेस? तिने मला हात हलवला, दुसऱ्याच कोणाला तरी हलवावा तसा. काचेआड तिचे डोळे मला ओळखत नव्हते. माझी पोर, आणि ती मला ओळखत नव्हती!

ताहसीन इथे नव्हता. टाकी मी भरली होती. किल्ली माझ्या गळ्यात होती, आता या क्षणीही रबरी पोशाखाखाली ती छातीला टोचत होती. हिच्या पाठीवर माझ्या हातचं विष होतं.

मी तिच्या तोंडातली नळी काढली आणि माझ्या टाकीची दुसरी नळी तिच्या दातांत दाबली. आधी ती घेईना. मी हाताने जबडा दाबून धरला. मग तिने श्वास घेतला. वर निघालो. अशा वेळी जीव म्हणतो पळ, पण पळालास तर फुप्फुसं फुटतात, म्हणून हळू, आपल्याच बुडबुड्यांपेक्षा हळू. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. ती माझ्या दंडाला ओल्या कपड्यासारखी लोंबकळत होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. मी त्या तीन मिनिटांत देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. अर्धंअधिक अजून फेडायचंय.

बोटीवर दोघे भाऊ आडवे पडून ओकत होते. आम्ही स्केवीला वर ओढलं. उन्हात तिचे ओठ चेरीसारखे लाल दिसत होते. यांगोने ऑक्सिजनचा मुखवटा लावला. "कुंबारे, इंजिन चालू कर, रडतोस काय!" तो ओरडला. मी रडतोय हे मला त्याच्याकडून कळलं.

इस्पितळात तिला आणि त्या दोघांना ऑक्सिजनच्या कोठीत ठेवलं. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जगतील तिघंही. मुलीला अजून दहा मिनिटं तीच हवा मिळाली असती, तर मी हे सांगू शकले नसते. रक्तात कोळशाच्या धुराचा विषारी वायू आहे. टाक्या भरताना जवळपास काय जळत होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "धूर असता तर वास आला नसता का?"

"तुमच्या यंत्रातली गाळणी वास काढते. हा वायू काढत नाही. नीट आठवून सांगा."

बाकावर अँथुला बसली होती आणि तिच्या शेजारी ताहसीन. तिनेच फोन करून बोलावला होता त्याला. चौकीवरून धावतच आला असावा, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मी खिशातून वही काढली आणि त्याला दिली. त्याने ती डॉक्टरीणबाईंना दाखवली, तारखा आणि नावं वाचून सांगितली, बाईंनी उतरवून घेतलं. मग त्याने मला विचारलं. आवाज चढवला नाही.

"काका, नळीचं तोंड बाहेर कुठे आहे?"

"लिंबात," मी म्हणालो. "फांद्यांच्या आत. थंड हवा मिळावी म्हणून मीच..."

लिंबाच्या झाडाखाली काय आहे हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. दर रविवारी, बारा ते दोन. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत मी त्याच्या पिशव्या उचकत होतो.

आम्हाला आत सोडलं. स्केवी जागी होती, चेहरा उतरलेला. ताहसीनने तिचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"पण आधीची वीस वर्षं का नाही झालं?" ती म्हणाली. "फुकू तर कायम..." मग ती थांबली. "नाही. कायम पुढे असायची. इस्टरनंतर मागे गेली. बाबा, तुम्ही ती मागे का नेलीत?"

अँथुला खिडकीबाहेर बघायला लागली. मी सावली म्हणू शकलो असतो. मुलगी माझ्याकडे बघत होती, या वेळी मला पुरतं ओळखून.

"याला आपल्या टेबलावर बसलेला कोणी बघू नये म्हणून," मी म्हणालो.

ताहसीन स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

"मला खरंच सावलीसाठी वाटलं होतं," तो म्हणाला. "आजीला घरी जाऊन सांगितलं मी. म्हटलं, काकांनी मला ऊन लागू नये म्हणून शेगडी लिंबाखाली नेली. तिने मुरंब्याची दुसरी बरणी भरून ठेवलीय तुमच्यासाठी."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी जावं म्हणून वळलो. स्केवी हाक मारील असं वाटलं होतं. तिने मारली नाही.

नळी मी दुसऱ्याच दिवशी कापली आणि छपरावर पार चार मीटर वर नेली. टाक्या सगळ्या रिकाम्या करून धुवून घेतल्या. हवा तपासायला पाठवली. स्केवीला शनिवारी घरी सोडलं. ती अँथुलाशी बोलते, माझ्याशी मानेने. ताहसीनला मी फोन केला. त्याने उचलला नाही, मग मी आजीच्या घरच्या फोनवर केला. म्हातारीने लार्नाकाच्या जुन्या बोलीत मला चांगलं झापलं आणि रविवारच्या जेवणाचा निरोप त्याला देते म्हणाली.

रविवारी सकाळी मी फुकू ओढत पुढच्या अंगणात आणली. तिची चाकं गंजलीत, सगळ्या गल्लीभर करकर झाली. कॉफीच्या दुकानात खुर्च्या वळल्या. मी टेबल बाहेर काढलं, अगदी फाटकाला लावून, आणि चार खुर्च्या मांडल्या. चौथी गल्लीकडे तोंड करून. कोळसा पेटवला, सळ्या चढवल्या.

यांगो दारातून ओरडला, "कुंबारे! आज समोर? कोण येणार आहे?"

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. स्केवी ऐकत होती.

"माझा जावई," मी ओरडलो, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "आला तर."

मग मी सळ्या फिरवत बसलो आणि चौकीकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिलो.